एक बर्थ, दोन प्रवासी

सोलापूरहून वाडीच्या दिशेने निघालेली गाडी पंधरा-एक किलोमीटर गेली न गेली तोच होटगी जंक्शन येते. स्थानक लहान, पण मानाचे; कारण येथून एक फाटा सरळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूर, बागलकोट, बदामी करीत गदगला पोहोचतो. मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर. आणि गदगचा फाटा दीर्घकाळ मीटरगेज, म्हणजे बरोबर १,००० मिलिमीटर. पुढे तोही ब्रॉडगेज झाला. आज होटगीला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि फाट्यावर दक्षिण पश्चिम रेल्वेची सुरू होते.

विद्यार्थी मित्रहो, रेल्वेच्या इतिहासाचा पाठ घेण्याचा आमचा बेत नाही. आपल्याला आज संगणकाविषयी बोलायचे आहे. त्यातही संगणकात माहिती कशी साठवतात आणि ती हजारो माणसांना एकाच वेळी चूक न होता कशी वापरू देतात, याविषयी. पण त्यासाठी होटगीइतके सोयीचे ठिकाण नाही. का, ते आता पाहाच.

समजा, होटगीच्या एका घरातील आजोबांना उपचारासाठी मुंबईला न्यायचे आहे. रात्रभर बसून जाणे त्यांना शक्य नाही. झोपण्याची जागा, म्हणजे बर्थ, मिळालाच पाहिजे. नातवाने मोबाइल हातात घेतला. उद्याच्या गाडीत स्लीपर वर्गाचा एकच बर्थ शिल्लक आहे. त्याच क्षणी गदगच्या खिडकीवर आणखी एक गृहस्थ उभे आहेत. त्यांनाही तोच बर्थ हवा आहे. दोघांच्याही पडद्यावर ‘शिल्लक १’ असे दिसते. दोघेही एकदमच ‘घ्या’ म्हणतात. आता बर्थ कोणाला?

तुम्ही म्हणाल, ‘जो आधी त्याला.’ उत्तर बरोबर आहे. पण संगणकाला ते कसे शिकवायचे, हाच तर खरा प्रश्न आहे!

तक्ता करणे ही सोपी गोष्ट नव्हे

पूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवही असे. एकेका गाडीच्या एकेका दिवसाचे एकेक पान. मोठ्या स्थानकावर वही असे आणि वाटेवरच्या लहान स्थानकांच्या वाट्याला ठरावीक जागा, म्हणजे कोटा, येई. परतीचे आरक्षण हवे असेल तर तार पाठवावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. या पद्धतीत एक गुण मात्र होता: वही एकच, लेखनिक एकच. एका वेळी दोघे एकाच ओळीवर लिहूच शकत नव्हते.

सन १९८५ मध्ये दिल्लीला आरक्षणासाठी संगणक वापरण्यास सुरुवात झाली. १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही रेल्वेची स्वतःची संगणक संस्था स्थापन झाली. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले; परंतु हे पाच संगणक प्रारंभी आपापल्या गाड्यांपुरतेच शहाणे होते. ते एकमेकांना जोडण्याचे काम १९९९ मध्ये पुरे झाले आणि कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय झाली. गंमत म्हणजे, त्या वेळी तिकीट संगणकावर काढले तरी कागदी तिकीट कुरियरने घरी येई!

म्हणजे एका लेखनिकाच्या जागी आता लक्षावधी लेखनिक आले. त्यांतले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे, मोबाइल हातात घेतलेले. वही मात्र एकच राहिली पाहिजे. या वहीला डेटाबेस म्हणतात.

ही वही कशी आखावी याचा पाया एडगर कॉड या गणितज्ञाने घातला. कॉड मूळचे इंग्लंडचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश वायुदलात वैमानिक होते. पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करीत असताना १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा: सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, उभे रकाने आणि आडव्या ओळी. कोणती नोंद चकतीवर कोठे पडली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने फक्त ‘काय हवे’ ते सांगावे. ‘कसे शोधायचे’ ते संगणक पाहील. कॉड यांच्याच कंपनीची जुन्या पद्धतीची प्रणाली त्या वेळी बाजारात खपत होती, त्यामुळे घरातूनच या कल्पनेचे स्वागत थंडपणे झाले. १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वांत मोठा मान, ट्युरिंग पुरस्कार, मिळाला.

कॉड यांचा एक नियम तुम्हाला शाळेतही उपयोगी पडेल: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा. प्रत्येक तिकिटाच्या ओळीत ‘विजापूर’ असे पूर्ण नाव लिहिले असते, तर २०१४ मध्ये त्या शहराचे नाव विजयपुर झाल्यावर प्रत्येक ओळ खोडून लिहावी लागली असती. आणि चार ओळी राहून गेल्या असत्या तर एकाच गावाची दोन गावे झाली असती. म्हणून स्थानकांचा तक्ता वेगळा. त्यात होटगी म्हणजे ‘एचजी’, सोलापूर म्हणजे ‘एसयूआर’. तिकिटाच्या ओळीत केवळ हा संकेत. नाव बदलले तर एकाच तक्त्यातील एकच ओळ दुरुस्त करायची.

मात्र यातही एक खाच आहे. मुंबईच्या प्रसिद्ध स्थानकाचा संकेत त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सीएसटीएम’ असा होता. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द आला आणि संकेतही ‘सीएसएमटी’ असा बदलावा लागला. म्हणून अनुभवी आज्ञावलीकार ओळीची ओळख पटवणारी खूण शक्यतो निरर्थक ठेवतात, नुसता अनुक्रमांक. ज्याला अर्थच नाही तो बदलण्याचे कारण उरत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमचा क्रमांक असाच असतो. वर्ग बदलतो, तुकडी बदलते, हजेरी क्रमांक बदलतो. तो मात्र शाळा सोडेपर्यंत तोच.

बर्थ मोकळा आहे म्हणजे काय?

आता आपल्या बर्थकडे वळू. जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात ८०. दोन्ही संख्यांना ८ ने भाग जातो, हे लक्षात आले का? आठ-आठ बर्थचा एक कप्पा. बर्थच्या क्रमांकाला ८ ने भागा आणि बाकी पाहा. बाकी १ किंवा ४ आली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ बाजूचा खालचा आणि ० बाजूचा वरचा. बर्थ क्रमांक ४५ घ्या: आठ पंचे चाळीस, बाकी ५, म्हणजे मधला. आजोबांना तो सोयीचा नाही! हा हिशेब एका ओळीत होत असताना ७२ बर्थची जागा तक्त्यात लिहून ठेवण्याची गरजच काय? जे काढता येते ते साठवू नये, असे एक धोरण यातून निघते.

पण ‘बर्थ ४५ मोकळा आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोठून कोठपर्यंत मोकळा? मुंबईहून निघालेला प्रवासी सोलापूरला उतरला की तोच बर्थ पुढे गदगपर्यंत दुसऱ्याला देता येतो. सोयीसाठी एका काल्पनिक गाडीच्या स्थानकांना क्रमांक देऊ: मुंबई १, पुणे २, सोलापूर ३, होटगी ४, विजापूर ५, गदग ६. एक प्रवास ‘अ’पासून ‘ब’पर्यंत आणि दुसरा ‘क’पासून ‘ड’पर्यंत आहे. ते एकमेकांना आडवे येतात की नाही, हे कसे ठरवाल?

बहुतेक विद्यार्थी येथे चार चित्रे काढतात: पहिला आधी सुरू होतो, दुसरा आधी सुरू होतो, एक दुसऱ्याच्या पोटात बसतो, आणि त्याच्या उलट. मग चार अटी लिहितात आणि एखादी विसरतात. त्यापेक्षा उलट विचार करा. दोन प्रवास आडवे कधी येत नाहीत? पहिला संपल्यावर दुसरा सुरू झाला तर, किंवा दुसरा संपल्यावर पहिला सुरू झाला तर. बाकी सर्व वेळी येतात. म्हणजे अ हा ड पेक्षा लहान असेल आणि क हा ब पेक्षा लहान असेल, तरच टक्कर. पुणे ते विजापूर (२ ते ५) आणि सोलापूर ते गदग (३ ते ६) घ्या: २ हे ६ पेक्षा लहान, ३ हे ५ पेक्षा लहान, टक्कर. मुंबई ते होटगी (१ ते ४) आणि होटगी ते गदग (४ ते ६): १ हे ६ पेक्षा लहान आहे, पण ४ हे ४ पेक्षा लहान नाही. टक्कर नाही. एक होटगीला उतरेल, दुसरा त्याच बर्थवर बसेल. ‘लहान’च्या जागी कोणी ‘लहान किंवा बरोबर’ असे लिहिले तर होटगीपासून तो बर्थ रिकामाच धावेल. दोन शब्दांची चूक, पण फलाटावरच्या एका प्रवाशाची जागा गेली.

गोळा ज्याच्या हाती

आता मूळ पेचाकडे येऊ. नातू आणि गदगचे गृहस्थ. संगणक दोघांसाठीही तीन पायऱ्या करतो: शिल्लक वाच, एक वजा कर, उत्तर लिही. नातवासाठी त्याने १ वाचला. लिहिण्यापूर्वीच दुसऱ्या बाजूने गदगसाठीही १ वाचला. मग दोन्हीकडून ० लिहिले गेले. तक्ता अगदी नीटनेटका दिसतो, शिल्लक शून्य. फक्त बर्थ एक आणि तिकिटे दोन! अशी चूक शोधणे फार कठीण असते, कारण आज्ञावली एकट्याने तपासून पाहिली तर ती हजार वेळा बरोबरच चालते. गर्दी झाली म्हणजेच ती चुकते.

रेल्वेने हा प्रश्न संगणक येण्यापूर्वीच सोडवला होता, फक्त बर्थसाठी नव्हे तर गाड्यांसाठी. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी धातूचा एक गोळा असे. चामड्याच्या पिशवीत घालून, मोठ्या कड्याला बांधून तो चालकाला देत. गोळा हातात असल्याशिवाय गाडी त्या टप्प्यात शिरत नसे. आणि यंत्रांची जोडणी अशी की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. डेटाबेसमधील ‘कुलूप’ म्हणजे हाच गोळा. नातवाच्या आज्ञावलीने बर्थ ४५ च्या ओळीला कुलूप लावले की गदगच्या आज्ञावलीने थांबायचे. कुलूप निघाल्यावर ती वाचेल, तेव्हा तिला ० दिसेल.

कुलपांचेही दुखणे आहेच. समजा, कोणाला ४५ आणि ४६ असे दोन बर्थ हवेत. एकाने ४५ ला कुलूप लावले, तो ४६ ची वाट पाहतो. दुसऱ्याने ४६ अडवला आहे आणि तो ४५ ची वाट पाहतो. दोघेही सभ्य, दोघेही थांबलेले, कयामतपर्यंत! यावर साधा इलाज असा की कुलपे नेहमी चढत्या क्रमानेच लावायची. प्रत्येकाने आधी ४५ मागितला तर हा पेच पडूच शकत नाही.

आणखी एक युक्ती आहे आणि आम्हाला ती अधिक आवडते. ‘शिल्लक शून्य कर’ असे सांगण्याऐवजी ‘बर्थ ४५ अजून मोकळा असेल तरच नातवाच्या नावे कर आणि किती ओळी बदलल्या ते सांग’ असे सांगायचे. वाचणे आणि लिहिणे एकाच आज्ञेत, मध्ये कोणी घुसू शकत नाही. उत्तर १ आले तर बर्थ मिळाला, ० आले तर गेला. भांडण नाही, थांबणेही फारसे नाही.

कीर्द आणि खतावणी

बर्थ मिळाला, आता पैसे. पैसे गेले आणि त्याच क्षणी सर्व्हरची वीज गेली तर? अर्धवट काम हे न केलेल्या कामापेक्षा वाईट. म्हणून बर्थ देणे, तिकीट लिहिणे, शिल्लक कमी करणे या सर्वांची एक मोळी बांधतात. तिला ‘व्यवहार’ म्हणतात. व्यवहार पुरा होतो किंवा मुळीच होत नाही. जिम ग्रे या संशोधकाने या विषयावर मूलभूत काम केले आणि १९९८ मध्ये त्यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे साधायचे कसे? सोलापूरच्या बाजारातील कोणत्याही आडत्याला विचारा. तो आलेला व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि सवडीने खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवतो. खतावणी लिहिताना मध्येच उठावे लागले तरी हरकत नाही. कीर्द पाहून राहिलेले पुरे करता येते. डेटाबेसही नेमके हेच करतो. काय करणार ते आधी कीर्दीत लिहितो, ती चकतीवर पक्की झाल्यावरच ‘झाले’ असे सांगतो. वीज परत आली की पहिले काम कीर्द वाचणे. पुरे झालेले व्यवहार खतावणीत चढवायचे, अर्धवट राहिलेले मिटवायचे.

‘मग कधीकधी पैसे कापले जातात आणि तिकीट मिळत नाही, ते कसे?’ असे एखादा चाणाक्ष वाचक विचारील. बँकेची वही वेगळी आणि रेल्वेची वेगळी, हे त्याचे कारण. एका व्यवहाराची मोळी दोन घरांत बांधणे अवघड. बँकेचे उत्तर येईपर्यंत रेल्वेने बर्थ फार वेळ अडवून धरला तर मागचे सारे खोळंबतील. म्हणून येथे वेगळी तडजोड असते: चुकले तर उलटा व्यवहार करायचा, म्हणजे पैसे परत. आणि पडदा थांबला म्हणून बटन पुनःपुन्हा दाबणारे आपण असतोच! त्यासाठी प्रत्येक मागणीला आधीच एक क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर चांगली आज्ञावली नवे तिकीट काढत नाही, पहिलेच उत्तर पुन्हा देते.

विसराळू लेखनिक

मोबाइलवरील पान आणि डेटाबेस यांची थेट भेट कधीच होत नाही. मध्ये सर्व्हरवरची आज्ञावली असते. ही अतिशय विसराळू. तुम्ही गाडी निवडली, मग वर्ग निवडला, मग नाव लिहिले. प्रत्येक वेळी ती तुम्हाला नव्यानेच भेटते. वेबची रचनाच तशी आहे. म्हणून ती तुम्हाला एक बिल्ला देते. अक्कलकोटला देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळतो ना, तसा. पुढच्या प्रत्येक भेटीत तुमचा मोबाइल तो बिल्ला मुकाट्याने दाखवतो. चप्पलच्या बिल्ल्यावर १, २, ३ असे आकडे चालतात. येथे मात्र लांबलचक, अंदाज न येणारी संख्या लागते. नाहीतर शेजारचा आकडा सांगून कोणीही तुमची चप्पल, म्हणजे तुमचे तिकीट, घेऊन जाईल.

याहून घातक चूक दुसरीच. एक लेखनिक असा आहे की तो अर्ज मोठ्याने वाचतो आणि जे वाचतो ते करतो. कोणी खोडसाळ माणसाने नावाच्या चौकटीत लिहिले, ‘रामराव, आणि सर्व आरक्षणे रद्द करा.’ लेखनिकाने वाचले आणि केले! हसू नका, पुष्कळ वेबसाइटवरील माहिती अशाच प्रकारे चोरीला गेली आहे. उपाय असा की आज्ञेचा साचा आधीच डेटाबेसकडे द्यायचा आणि चौकटीतील मजकूर वेगळा पाठवायचा. मग चौकटीत काहीही लिहिले तरी ते ‘नाव’च राहते, फार तर विचित्र नाव.

शोध घेण्याचे पाहा. तिकिटावर दहा अंकी पीएनआर क्रमांक असतो. एक कोटी नोंदी एकामागून एक चाळल्या तर सरासरी पन्नास लाख पाहाव्या लागतील. नोंदी क्रमाने लावून दर वेळी निम्म्या टाकून दिल्या तर २४ वेळांत काम होते, कारण २ चा चोविसावा घात एक कोटीहून मोठा आहे, करून पाहा. डेटाबेस याहून पुढे जातो. रुडॉल्फ बायर आणि एड मॅक्रेट यांनी १९७० च्या सुमारास शोधलेल्या ‘बी-वृक्ष’ रचनेत दर पायरीला निम्म्याऐवजी, समजा, दोनशे फांद्या फुटतात. दोनशेचा चौथा घात १६० कोटी. म्हणजे चार पायऱ्यांत नोंद हाती.

एवढे करूनही तत्काळ आरक्षणाची वेळ झाली, सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला इतर वर्ग, की देशभरचे लोक एकाच दारावर धडकतात. २०१४ मध्ये इंटरनेट तिकिटांची प्रणाली नव्याने उभारली तेव्हा तिची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० करण्यात आली; म्हणजे सेकंदाला १२०.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. फळ्यावर एका डब्याचे आठ बर्थ आखा. चार विद्यार्थ्यांना लेखनिक करा, बाकीचे प्रवासी. पहिल्या फेरीत लेखनिकांनी फळा पाहायचा, मागे जागेवर येऊन तिकीट लिहायचे आणि मग फळ्यावर फुली मारायची. दोन मिनिटांत एकाच बर्थची दोन तिकिटे निघतील. दुसऱ्या फेरीत फळ्याजवळ एकच खडू ठेवा: खडू हाती असेल त्यानेच फळा वाचायचा आणि लिहायचे. तिसऱ्या फेरीत प्रत्येक बर्थला स्वतंत्र खडू द्या. तिन्ही फेऱ्यांना लागलेला वेळ घड्याळावर मोजा, आणि एकच खडू असताना रांग किती लांबली तेही लिहून ठेवा.